महोगनीचा दोन भिंगांचा कॅमेरा: रिकामी खाच, जोडभिंगे आणि उलटलेली खोली

सदाशिवकर (धागाकर्ता)

नमस्कार. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांविषयी येथे पूर्वी चर्चा झाली आहे, परंतु पाहताना खोलपणाचा भास व्हावा म्हणून शेजारी शेजारी दोन चित्रे घेणाऱ्या स्टिरिओ कॅमेऱ्याविषयी स्वतंत्र धागा आढळला नाही, म्हणून हा काढत आहे.

जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून मी नुकताच असा एक कॅमेरा घेतला. लाकूड महोगनीचे आहे. पुढच्या आडव्या फळीवर पितळी नळीतली दोन भिंगे असून त्यांच्या केंद्रांमधील अंतर माझ्या मोजणीप्रमाणे ८० मिलिमीटर भरते. भाता गडद लाल चामड्याचा आहे, मागे चित्र जुळवून पाहण्याची दुधी काच आहे आणि तळफळी मागच्या बाजूने बिजागरीवर दुमडते. ज्यांवर चित्र उमटते त्या काचा ठेवण्याचे तीन लाकडी पाट सोबत मिळाले. प्रत्येक पाट पुस्तकासारखा मधोमध उघडतो आणि त्यात ६¾ × ३¼ इंचांच्या दोन काचा पाठीला पाठ लावून बसतात. भिंगांच्या पुढे बसणारी एक लांबट लाकडी डबीही आहे. तिच्यात काळ्या कापडाचा पडदा रुळावर गुंडाळलेला असून दोरी ओढली की तो ताणला जातो. निर्मात्याचे नाव कुठेही नाही.

विक्रेत्याने कॅमेरा १८५५ चा असल्याचे सांगितले. ते खरे मानावे का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. भिंगांच्या फळीच्या मागे आणि मागच्या चौकटीत, वर आणि खाली, अगदी मधोमध एकेक बारीक खाच कोरलेली आहे. पण त्या खाचांत काहीही नाही. तेथे काय बसत असावे? आणि कॅमेरा पुन्हा वापरता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचपट्टी

आपण वर्णन इतके नेमके दिले आहे की वयाचा निर्णय त्यातूनच होतो. हा कॅमेरा १८५५ चा नाही. तो तीसेक वर्षांनी अलीकडचा, म्हणजे १८८० च्या दशकाच्या अखेरचा किंवा १८९० च्या दशकातला असावा. कारण सविस्तर सांगतो, कारण असे कॅमेरे ओळखताना भिंगांपेक्षा काचेचा पाट अधिक बोलतो असा माझा अनुभव आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये कोलोडियनची ओली पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची पंचवीसएक वर्षे तिचेच राज्य होते. त्या पद्धतीत काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, तिच्यावरचे चित्र उमटवून घेत. त्यामुळे पाटात एका वेळी एकच काच असे. ती कोपऱ्यांतल्या चांदीच्या तारांवर किंवा काचेच्या तुकड्यांवर टेकवीत, कारण ओघळणारे द्रावण लाकूड खात असे. तरीही पाटाची खालची कड त्या द्रावणाने काळी पडतेच आणि तो डाग कितीही पुसला तरी जात नाही. आपल्या पाटात दोन काचा पाठीला पाठ लावून बसतात. ओल्या काचांना हे चालले नसते. ही रचना कोरड्या, म्हणजे आधीच लेप देऊन वाळवलेल्या, जिलेटिन काचांसाठी आहे, आणि रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी त्या पद्धतीची कल्पना १८७१ मध्ये मांडली असली तरी अशा काचा दुकानात सर्रास मिळू लागल्या त्या १८७० च्या दशकाच्या अखेरीस. रुळावरच्या पडद्याचा शटर तर त्याहूनही नंतरचा. मँचेस्टरच्या थॉर्न्टन-पिकार्ड यांनी तो लोकप्रिय केला. तो नंतर जोडलेला असू शकतो, पण पाट आणि शटर एकच साक्ष देत आहेत.

खरोखर १८५५ चा कॅमेरा कसा असता, हेही पाहावे. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन किंचित वेगळ्या चित्रांतून खोलीचा भास कसा निर्माण होतो हे १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणाही झालेली नव्हती. त्यांनी आरशांच्या यंत्रात हाताने काढलेल्या आकृत्या वापरल्या. डेव्हिड ब्रूस्टर यांचा जोडचित्रे पाहण्याचा भिंगांचा सुटसुटीत दर्शक पॅरिसच्या द्यूबॉस्क यांनी घडवला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो राणी व्हिक्टोरियाच्या नजरेत भरला आणि मग मागणीचा पूर आला. मात्र ती चित्रे बहुतेक वेळा एकाच भिंगाच्या कॅमेऱ्याने घेत: एक चित्र घ्यायचे, कॅमेरा बाजूला सरकवायचा आणि दुसरे घ्यायचे. लॅटिमर क्लार्क यांनी १८५३ मध्ये त्यासाठी समांतरभुज चौकटीचा एक सरकता पाया सुचवला. इमारत किंवा डोंगर असेल तर हे चालते, पण मधल्या वेळात ढग सरकतो, माणूस हलतो, सावली बदलते. दोन्ही चित्रे एकाच क्षणी घेणारा जोडभिंगी कॅमेरा मँचेस्टरचे जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८५३ च्या सुमारास घडवला आणि १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या काळचे बहुतेक कॅमेरे भात्याचे नसून पेटीत पेटी सरकणारे होते.

कॅमेरा अलीकडचा ठरला म्हणून वाईट वाटून घेऊ नये. सुतारकामाच्या दृष्टीने इंग्रजी कॅमेऱ्यांचा सर्वोत्तम काळ मी हाच मानतो.

भाता आणि सूर

मी हार्मोनिअम दुरुस्तीचे काम करतो. कॅमेऱ्यातील भिंगांविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही. परंतु लाकूड, सरस, चामडे आणि भाता हे माझ्या रोजच्या हाताखालचे विषय असल्याने काही निरीक्षणे नोंदवतो.

असे तीन-चार कॅमेरे मी जवळून पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. भिंगांच्या फळीचे तंतू नेहमी आडवे, एका भिंगाकडून दुसऱ्याकडे जाणारे असतात. हे केवळ शोभेसाठी नाही. लाकूड हवेतील ओल पिते आणि सोडते तेव्हा ते तंतूंना काटकोनात फुगते व आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ हलत नाही. त्यामुळे पावसाळा असो की मे महिना, भिंगांमधील अंतर तेच राहते. फळीच्या दोन्ही टोकांना उभ्या तंतूंची पट्टी खाच-जिभेने जोडलेली असते, म्हणजे फळी पिळवटत नाही. एका भिंगाच्या कॅमेऱ्यात फळी किंचित वाकली तर फार बिघडत नाही. येथे मात्र दोन्ही भिंगांची तोंडे वेगळ्या दिशांना वळतील. सुताराला हे ठाऊक होते आणि त्याने ते लाकडातच सोडवले.

कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे भिंगातून जरूर पाहा. चांगल्या कारागिराच्या सांध्याचे दात टोकाला इतके निमुळते असतात की दोन दातांमध्ये करवतीच्या पात्याएवढीच फट दिसते. चकाकी दिसते ती चपड्याच्या पॉलिशची. तिच्यावर स्पिरिट मुळीच लावू नये. एका हाताने शंभर वर्षांचा थर निघून येईल. किंचित ओलसर मऊ कापडाने धूळ टिपावी, एवढेच पुरे. पितळेवरही मूळ लाखेचा पातळ लेप असतो, तो घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. सांधा सुटला असेल तर सरसच वापरावा, पांढरा डिंक नको, कारण सरस ऊब आणि पाणी मिळाले की पुन्हा सोडवता येतो आणि पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची वाट बंद होत नाही.

भात्याची तपासणी अंधाऱ्या खोलीत, आत छोटा दिवा ठेवून करावी. छिद्रे बहुधा घडीच्या कोपऱ्यांवरच असतात. आमच्याकडे भात्यातून हवा निसटते, आपल्याकडे उजेड शिरतो; जागा मात्र तीच.

काचपट्टी

सरसाचा मुद्दा आपण काढला म्हणून एक गोष्ट जोडतो. हिंदुस्थानासारख्या दमट व उष्ण देशांसाठी इंग्रज निर्माते जे कॅमेरे बनवीत, त्यांत सरसावर भरवसा ठेवीत नसत. सांध्यांवर पितळी पट्ट्या आणि मळसूत्रे येत आणि नंतरच्या काळात महोगनीऐवजी सागवानाचा वापर झाला. भात्यासाठी रशियन चामडे घेत. त्याच्या उग्र वासाने किडे दूर राहतात असे मानले जाई. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी छायाचित्रणात रमली होती, त्यामुळे मुंबईच्या हवेत लाकडी कॅमेऱ्याचे काय होते याचा अनुभव फार लवकर गाठीशी आला असणार. छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांनी त्रिचनापल्ली आणि तंजावरची स्टिरिओ चित्रे १८५८ मध्ये प्रसिद्ध केली, तीही याच हवामानाशी झगडून. आपल्या कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या आहेत का?

सदाशिवकर

पट्ट्या नाहीत, म्हणजे हा इंग्लंडच्याच हवेसाठी बनलेला असावा. सांधे मात्र आपण सांगितले तसेच आहेत; भिंग लावून पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिलो. रिकाम्या खाचेचे कोडे अजून उरले आहे.

मधली भिंत

ते कोडे मी सोडवू शकेन असे वाटते. त्या खाचेत पडदी बसते आणि आपल्या कॅमेऱ्यातून तीच हरवली आहे.

प्रत्येक भिंग काचेच्या आपल्या अर्ध्या भागापेक्षा बरेच मोठे वर्तुळ उजळते. मध्ये आडोसा नसेल तर डाव्या भिंगाचे चित्र उजव्या अर्ध्यावर सांडते आणि उजव्याचे डाव्यावर, आणि काचेच्या मधल्या भागात दोन चित्रे एकमेकांवर चढतात. पेटीत पेटी सरकणाऱ्या कॅमेऱ्यात ही पडदी म्हणजे काजळीने काळी केलेली साधी पातळ फळी असे. भात्याच्या कॅमेऱ्यात अडचण येते, कारण भाता लांबतो आणि मिटतो, तेव्हा पडदीलाही लांबावे व मिटावे लागते. त्यावर निर्मात्यांनी निरनिराळे उपाय केले: कुणी घड्यांचे काळे कापड लावले, कुणी ताणले जाणारे, तर कुणी स्प्रिंगच्या रुळावर गुंडाळले जाणारे. पडदीच्या दोन टोकांना दोन बारीक लाकडी पट्ट्या असत आणि त्याच आपल्या खाचांत सरकत. ती काढली आणि पुढची फळी बदलली की तोच कॅमेरा एका भिंगाने मोठे चित्र घेण्यास मोकळा होई. म्हणूनच ती सुटी असे, आणि म्हणूनच आज बहुतेक कॅमेऱ्यांतून ती गहाळ झालेली आढळते.

पडदी काचेला अगदी टेकता कामा नये, नाहीतर पाट बदलताना घासेल. थोडी फट राहतेच. त्यामुळे दोन चित्रांच्या मध्ये धूसर कडांचा एक पट्टा येतो. तो छापताना कापून टाकायचा असतो.

भाता आणि सूर

ही पडदी मी करून देऊ शकेन. काळे सुती कापड, मध्ये पातळ कागदी पट्ट्या आणि एकसारख्या घड्या. हार्मोनिअमच्या भात्याचीच ही धाकटी बहीण आहे. आपण खाचांमधील उंची, खाचेची रुंदी आणि भाता पूर्ण उघडल्यावरची लांबी कळवावी.

सदाशिवकर

सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. आपल्या हातची पडदी मिळाली आणि खाचेत अशी बसली की जणू ती कधी हरवलीच नव्हती. मनापासून आभार.

कोरड्या काचा मिळवणे कठीण असल्याने मी छायाचित्र छापण्याचा कागद त्याच मापाचा कापून पाटात घातला. तो कागद उजेडाला अतिशय मंद असल्याने आणि भिंगातले उजेडाचे छिद्र लहान ठेवल्याने सकाळच्या उन्हात आठ सेकंद उघडीप दिली. विषय होता आमच्या अंगणातील तुळशीवृंदावन; पुढे पाण्याचा हंडा आणि मागे विटांची भिंत. कागदावरचे निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर ठेवून छापले. दोन्ही चित्रे स्वच्छ आली, मधला पट्टा सांगितल्याप्रमाणे धूसर आला.

पण दर्शकात ठेवून पाहिले आणि मी गोंधळून गेलो. वृंदावन पुढे येण्याऐवजी भिंतीत खोदलेल्या कोनाड्यासारखे दिसत होते आणि विटांची भिंत हंड्याच्या पुढे उभी होती. डोळ्यांवर ताणही येत होता. कॅमेऱ्याची भिंगे डावी-उजवी बदलून बसली आहेत का?

मधली भिंत

भिंगे जागेवर आहेत आणि आपण काहीही चुकवलेले नाही. प्रत्येक जोडभिंगी कॅमेऱ्याचे निगेटिव्ह असेच असते.

एक कागद घेऊन करून पाहावे. कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिल्यावर डाव्या भिंगाचे चित्र दुधी काचेच्या डाव्या अर्ध्यावर दिसते, परंतु उलटे, खाली डोके वर पाय. उजव्याचेही तसेच. आता ते सुलटे पाहण्यासाठी आपण सबंध काच फिरवतो. प्रत्येक चित्र सुलटे होते खरे, पण काच सबंध फिरल्यामुळे डावा अर्धा उजवीकडे जातो आणि उजवा डावीकडे. भिंगांनी प्रत्येक चित्र आपापल्या केंद्राभोवती उलटले होते. आपण मात्र दोन्ही एकत्र, मधल्या रेषेभोवती फिरवली. म्हणून डाव्या डोळ्याला उजव्याचे दृश्य मिळते आणि खोली आतबाहेर उलटते.

उपाय जुनाच आहे. छापलेला कागद मधोमध कापावा, दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करावी आणि ७ × ३½ इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवावा. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक जोडपत्रे अशीच कापून, बदलून चिकटवलेली असत. ज्यांना कापणे नको असे त्यांच्यासाठी निगेटिव्ह सरकवून छापण्याच्या खास चौकटीही निघाल्या. कापण्यापूर्वी खात्री करायची असेल तर आपले आताचे छापील चित्र दर्शकाशिवाय, डोळे नाकाकडे तिरळे करून पाहावे. तसे केल्याने डावा डोळा उजवे चित्र पाहतो आणि खोली आपोआप सुलटी होते.

डोळ्यांवर ताण येतो असे आपण लिहिले आहे, ते मात्र मला खटकले. उलटी खोली विचित्र दिसते, पण तिने सहसा डोळे दुखत नाहीत. दुधी काचेवर दूरच्या एखाद्या शिखराची किंवा मनोऱ्याची उंची दोन्ही अर्ध्यांत मोजून कळवावी.

सदाशिवकर

तिरळे करून पाहिले. हंडा पुढे आला आणि वृंदावन भरीव झाले! घरातील सर्वांना बोलावून दाखवले.

गच्चीवरून दूरच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखला. डाव्या अर्ध्यात टाकीची उंची २१ मिलिमीटर आणि उजव्या अर्ध्यात २२ मिलिमीटर भरते. तीन वेळा मोजले. दोन्ही भिंगे दिसायला हुबेहूब एकसारखी आहेत.

मधली भिंत

ताणाचे कारण सापडले. दूरच्या वस्तूच्या चित्राचा आकार भिंगाच्या नाभीय अंतरावर (दूरची वस्तू भिंगामागे जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते त्यावर) ठरतो, म्हणजे आपल्या भिंगांच्या नाभीय अंतरांत जवळजवळ ५ टक्के फरक आहे. एका डोळ्याला मोठे आणि दुसऱ्याला लहान चित्र मिळाले की कडेच्या वस्तू वरखाली सरकलेल्या दिसतात आणि डोळे आडवे जुळतात तसे उभे जुळू शकत नाहीत. निर्माते भिंगांच्या जोड्या निवडून लावीत असत. मूळ जोडीतले एक भिंग केव्हातरी गेले असावे आणि त्याच प्रकारचे दुसरे आणून बसवले असावे.

दुसरे भिंग शोधण्याआधी एक करून पाहता येईल. त्या काळची ही भिंगे बहुधा रॅपिड रेक्टिलिनियर प्रकारची असतात. डालमायर आणि श्टाइनहाइल यांनी १८६६ मध्ये स्वतंत्रपणे आणलेल्या या रचनेत छिद्राच्या पुढे व मागे भिंगकाचांचे दोन एकसारखे संच असतात. दोन्ही भिंगांचे फक्त मागचे संच उघडून परस्परांत बदलावेत. मग प्रत्येक भिंगात एक संच कमी अंतराचा आणि एक जास्त अंतराचा येईल. दोन संचांच्या एकत्रित नाभीय अंतरात कोणता पुढे आणि कोणता मागे याने फरक पडत नाही, म्हणून दोन्ही भिंगे समान होतील. चित्र स्पष्ट होण्याची जागा मात्र पाऊण-एक मिलिमीटरने मागेपुढे होईल. तेवढ्यासाठी एका भिंगाच्या बुडाखाली कागदी चकती घालावी आणि छिद्र लहान ठेवावे. संच उघडताना चिमट्याने पकडू नये, रबराच्या तुकड्याने फिरवावे, आणि पूर्वी कोणता कुठे होता याची पेन्सिलने खूण करावी, म्हणजे हवे तेव्हा परत जाता येईल.

काचपट्टी

हा उपाय मला ठाऊक नव्हता. आटे जुळले तर दोन्ही भिंगे एकाच कारखान्याची आहेत हेही सिद्ध होईल.

सदाशिवकर

आटे जुळले. डावे बुड थोडे अडले होते, यंत्राच्या तेलाचा एक थेंब देऊन रात्रभर ठेवले आणि सकाळी ते हाताने फिरले. मागचे संच बदलले, उजव्या भिंगाखाली जाड कागदाची एक चकती घातली आणि त्याच गच्चीवरून तीच टाकी पुन्हा मोजली. दोन्ही अर्ध्यांत २१½ मिलिमीटर.

आज सकाळी वृंदावनाचे चित्र पुन्हा घेतले, छापले, मधोमध कापले आणि बाजू बदलून पुठ्ठ्यावर चिकटवले. मंजिऱ्या एकेक सुट्या दिसतात. हंड्याचा काठ इतका पुढे आला आहे की आईने दर्शकात पाहताना नकळत हात पुढे केला.